तेल, तूप आणि आतड्याची प्रतिकारशक्ती : कोल्हापुरी ताटाच्या निमित्ताने

पन्हाळवाट (धागाकर्ती)

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा २६ वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे निदान झाले. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, त्यावर व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त जाते. तेव्हापासून घरी समाचाराला येणारा प्रत्येक जण तेलातुपाविषयी एखादा तरी सल्ला देऊन जातो. कोणी तेल पूर्ण बंद करायला सांगतो, कोणी रोज सकाळी कोमट पाण्यातून दोन चमचे तूप द्या म्हणजे आतडे आतून लिंपले जाईल असे सांगतो, तर कोणी घाण्याच्या शेंगतेलाखेरीज बाकी सगळी तेले विषासमान ठरवतो. हे सगळे मायेपोटीच बोलतात, पण या तिघांचे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही.

मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. ‘मेदाचे शोषण लसिकावाहिन्यांतून (प्रतिकारपेशींची ने-आण करणाऱ्या नलिकांतून) होते’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले, आणि त्या एका वाक्यात आतड्याच्या प्रतिकारशक्तीची केवढी गोष्ट दडली आहे हे मला भाच्याच्या आजारानंतर वाचायला बसले तेव्हा उमगले. गेल्या आठ महिन्यांत जे वाचले ते इथे मांडते. औषधांविषयी मी काहीही लिहिणार नाही. ती त्याचे पोटविकारतज्ज्ञ ठरवतात आणि तो ती नियमित घेतो.

आधी आतड्याच्या भिंतीविषयी. लहान आतडे सुमारे ६ मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याच्या घड्या आणि अंकुर उलगडून मोजले तर पचनमार्गाचे आतील क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरते, असे २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले; त्याआधी पाठ्यपुस्तकांत ते टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे छापत असत आणि मीही तसेच शिकवले आहे. एवढ्या विस्तृत पृष्ठभागावर बाहेरचे जग आणि आपले रक्त यांच्यामध्ये पेशींचा फक्त एकच थर असतो, आणि तोही दर ३ ते ५ दिवसांनी नव्याने तयार होतो. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी घट्ट शिवलेल्या असतात. त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्माचे आवरण असते. लहान आतड्याच्या खाचांच्या तळाशी असलेल्या पॅनेथ पेशी जिवाणूनाशक प्रथिने स्रवतात. भिंतीच्या आतल्या बाजूला लसिकापेशींचे पुंजके असतात, आणि तिथल्या पेशी रोज काही ग्रॅम ‘आयजीए’ नावाचे प्रतिपिंड आतड्याच्या पोकळीत सोडत राहतात. शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा सर्वांत मोठा साठा आतड्यातच आहे, कारण रोजच्या जेवणाबरोबर येणाऱ्या परक्या पदार्थांपैकी कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला अडवायचे याचा निवाडा तिथे क्षणोक्षणी करावा लागतो.

आता मेदाचा प्रवास पाहा. साखर आणि अमिनो आम्ले आतड्यातून थेट रक्तात शिरून यकृताकडे जातात. शेंगतेल, तूप किंवा मटणाची चरबी यांतील लांब साखळीच्या मेदाम्लांची वाट वेगळी आहे. पित्तरसाने त्यांचे बारीक थेंब होतात, स्वादुपिंडाच्या विकरांनी ती सुटी होतात, आतड्याच्या पेशीत गेल्यावर पुन्हा जुळतात, प्रथिनांच्या वेष्टनात बांधली जातात आणि मग लसिकावाहिन्यांत उतरतात. म्हणजे आपण खाल्लेले तेल रक्तात पोहोचण्याआधी प्रतिकारयंत्रणेच्या अंगणातून जाते, आणि जाताना कधी एकटे जात नाही. आतड्यातील काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातले ‘एलपीएस’ नावाचे दाहकारक द्रव्य या मेदाच्या गाठोड्यांना चिकटून आत जाऊ शकते. बेल्जियममधील पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की उंदरांना चार आठवडे अतिस्निग्ध आहार दिल्यावर त्यांच्या रक्तातील या द्रव्याचे प्रमाण दोन ते तीन पट वाढले. जंतुसंसर्गात जेवढे वाढते त्या मानाने ही वाढ फार कमी आहे. पण ती रोज, सतत राहिली तर शरीरात मंद दाह धुमसत राहतो.

दुसरा धागा पित्ताचा आहे. मेद जास्त खाल्ला की पित्त जास्त स्रवते. त्यातील सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात, आणि उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांचे रूपांतर डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या दुय्यम पित्ताम्लांत करतात. थोड्या प्रमाणात ही आम्ले प्रतिकारपेशींना संयमाचे संकेत देतात, परंतु फार झाली की तीच अस्तराला बोचू लागतात. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या कामात चरबी आणि साखर भरपूर असलेला आहार आठ आठवडे दिलेल्या उंदरांच्या पॅनेथ पेशी बिघडलेल्या आढळल्या, आणि त्यामागे याच डीऑक्सिकोलिक आम्लाचा हात दिसला. नेहमीच्या आहारावर परत आणल्यावर चार आठवड्यांत त्या पेशी पूर्ववत झाल्या. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा धीर आला.

इथल्या जाणकारांनी चुका दाखवाव्यात आणि भर घालावी, ही विनंती.


तालमीतला

ताई, आपण फार कळकळीने लिहिले आहे. मी गंगावेशीच्या परिसरात लहानाचा मोठा झालो आणि १४ ते २२ या वयात तालमीत होतो. पहाटे जोर-बैठका, त्यानंतर लढती, आणि मग खुराक : कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध, बदामाची थंडाई, भाकरीवर ओतलेले तूप आणि आठवड्यातून दोनदा मटण. वस्ताद सांगायचे की तूप पचवण्याची ताकद कमावावी लागते. माझे आजोबा साठीपर्यंत रोज दोन लिटर दूध पीत असत आणि त्यांना पोटाचा आजार माहीत नव्हता. याउलट माझे दोन सोबती कुस्ती सोडल्यावर तोच खुराक चालू ठेवून बसले आणि आज दोघांचेही पोट कायम बिघडलेले असते. दुधातुपातील चरबीविषयी संशोधन नेमके काय सांगते, हे आपल्याकडून समजून घ्यायला आवडेल. शिवाय तुपात ‘ब्युटिरेट’ असते आणि ते आतड्याचे अन्न आहे असे हल्ली सगळीकडे सांगितले जाते, त्यात तथ्य किती?


पन्हाळवाट

आपल्या आजोबांचे उदाहरण मी बाजूला सारत नाही. म्हशीच्या दुधात साधारण साडेसहा ते सात टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे दोन लिटर दुधातून सुमारे १३५ ग्रॅम मेद पोटात गेला. दिवसभर अंग मोडून मेहनत करणाऱ्याच्या शरीराने तो इंधन म्हणून वापरला. मेहनत थांबली आणि खुराक तसाच राहिला तर वजन, यकृत आणि आतडे यांना तो हिशेब चुकवावा लागतो. आपल्या सोबत्यांना नेमके काय झाले हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही. वाढत्या वयात दुधातील साखर न पचणे हेही एक अगदी सामान्य कारण असते, त्यामुळे त्यांनी दोष थेट चरबीला देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

दुधाच्या चरबीवरचा सर्वांत गाजलेला प्रयोग शिकागो विद्यापीठातील आहे आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या एका गटाला दुधाची चरबी, दुसऱ्याला डुकराची चरबी आणि तिसऱ्याला करडईचे तेल, असा एकूण उष्मांकांपैकी सुमारे ३७ टक्के उष्मांक मेदातून मिळणारा आहार दिला. फक्त दुधाच्या चरबीच्या गटात पित्ताची घडण बदलली, पित्ताम्ले टॉरीन या गंधकयुक्त घटकाशी अधिक प्रमाणात जोडली गेली, आणि त्या गंधकावर जगणारा बिलोफिला वॉड्सवर्थिया नावाचा एरवी क्वचित आढळणारा जिवाणू फोफावला. मात्र कोलायटिस वाढला तो ज्या उंदरांत दाह आवरणारे ‘आयएल-१०’ हे संकेतद्रव्य जन्मतःच नव्हते अशा उंदरांत. धडधाकट उंदरांना तोच आहार देऊनही आजार झाला नाही. म्हणून या प्रयोगावरून दूध वाईट असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. ज्याच्या शरीरात दाह आवरण्याची यंत्रणा मुळातच दुबळी आहे त्याने साय, लोणी आणि खवा यांबाबत हात राखावा, एवढाच अर्थ मी घेतला आहे.

आता तुपातील ब्युटिरेटविषयी. हा मुद्दा मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे हे निर्विवाद आहे. दाहाला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी तयार होण्यास ते मदत करते, हे २०१३ साली एकापाठोपाठ आलेल्या प्रयोगांनी दाखवले. दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्ल असते हेही खरे आहे, पण ते वजनाने फक्त ३ ते ४ टक्के. एका चहाच्या चमच्याएवढ्या, म्हणजे ५ ग्रॅम तुपातून फार तर २०० मिलिग्रॅम मिळते, आणि आखूड साखळीचे असल्यामुळे ते जठरात व लहान आतड्याच्या सुरुवातीलाच सुटे होऊन शोषले जाते. भाच्याचा आजार जिथे आहे त्या मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत ते जवळजवळ पोहोचतच नाही. तिथे लागणारे ब्युटिरेट तिथलेच जिवाणू चोथ्यापासून, म्हणजे अन्नातील न पचणाऱ्या तंतूंपासून, बनवतात आणि ते रोज काही ग्रॅम, म्हणजे चमचाभर तुपाच्या कितीतरी पट असते. आतड्याला ब्युटिरेट द्यायचे असेल तर ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, शिळ्या भातातील न पचणारा स्टार्च, कांदा आणि लसूण हा मार्ग आहे. भाकरीला तूप लावावे, ते चविष्ट आहे आणि थोडे असले तर बाधतही नाही. पण श्रेय भाकरीचे आहे.


सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. धागाकर्तीने मांडणी अचूक केली आहे. मला एका गोष्टीची भर घालायची आहे, कारण वर्तमानपत्रांतील मथळे वाचून लोक नाहक घाबरतात.

उंदरांच्या ‘अतिस्निग्ध आहारा’त बहुधा ६० टक्के उष्मांक मेदातून येतात. रश्श्यावर कितीही तवंग असला तरी एवढा मेद कोणी रोज खात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा आहार शुद्ध केलेल्या घटकांपासून बनवतात. त्यात मेद वाढतो आणि त्याच वेळी नेहमीच्या खाद्यात असलेला धान्याचा विविध प्रकारचा चोथा नाहीसा होतो. त्याच्या जागी केवळ सेल्युलोज असते, जे जिवाणूंना फारसे आंबवता येत नाही. मग आतड्याची जी हानी दिसते ती मेदामुळे की चोथ्याच्या अभावामुळे? जॉर्जिया स्टेट विद्यापीठातील गटाने २०१८ साली याचे उत्तर शोधले. त्यांनी तोच अतिस्निग्ध आहार कायम ठेवून त्यात इन्युलिन, म्हणजे कांदा-लसणात असतो तो आंबणारा चोथा, घातला. मोठे आतडे आक्रसणे थांबले, अस्तरपेशींची वाढ सुधारली, जिवाणू भिंतीजवळ घुसणे कमी झाले, आणि हे सर्व ‘आयएल-२२’ या रक्षक संकेतद्रव्याच्या मार्फत घडले. सेल्युलोज वाढवून मात्र हा लाभ झाला नाही.

याचा अर्थ मेद निर्दोष आहे असा नाही. चीनमध्ये २१७ निरोगी तरुणांवर सहा महिने केलेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांना उष्मांक सारखेच, पण मेदाचा वाटा २०, ३० आणि ४० टक्के. भात आणि गहू कमी करून त्याऐवजी मुख्यतः सोयाबीन तेल दिले होते. ४० टक्क्यांच्या गटात ब्युटिरेट बनवणारे फिकॅलिबॅक्टेरियम हे जिवाणू घटले, विष्ठेतील ब्युटिरेट कमी झाले आणि रक्तातील दाहनिदर्शक घटक वाढले. हा प्रयोग माणसांवरचा आहे, भात खाणाऱ्या समाजातला आहे आणि त्यात वापरलेले तेल आपल्या घरोघरी असते, म्हणून मी त्याला उंदरांवरच्या दहा प्रयोगांपेक्षा अधिक वजन देतो.

आणखी एक प्रयोग मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडतो. २०१५ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी २० कृष्णवर्णीय अमेरिकनांना आणि दक्षिण आफ्रिकेतील ग्रामीण भागातील २० जणांना दोन आठवडे एकमेकांचा आहार दिला. अमेरिकनांचा मेद कमी आणि चोथा भरपूर झाला, आफ्रिकेतील लोकांचे नेमके उलट झाले. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्याच्या अस्तरातील दाह उतरला, त्यांचे ब्युटिरेट वाढले आणि दुय्यम पित्ताम्ले घटली. दुसऱ्या गटात सगळे उलट्या दिशेने सरकले. मेद आणि चोथा दोन्ही एकदम बदलल्यामुळे श्रेय कोणाचे किती हे त्यातून वेगळे काढता येत नाही, पण रोजच्या जेवणातही ही दोन्ही एकमेकांची जागा घेतच असतात. वडापाव खाल्ला की त्या वेळची भाकरी-उसळ राहून जाते.


मंगळवारपेठ

माझी छोटी खानावळ आहे, रोज ४० डबे जातात. हा धागा वाचून माझ्या मनात दोन प्रश्न आले आहेत आणि ते मी जबाबदारीच्या भावनेने विचारते, कारण चाळीस घरांची पोटे माझ्या कढईवर अवलंबून आहेत. आमच्याकडे तांबड्या रश्श्याला तवंग आणि मिसळीला कट नसेल तर गिऱ्हाईक नाराज होते. कांदा-लसूण मसालाही तेलातच परतला जातो. हे तेल कोणते असावे? आणि पुऱ्या-भजी तळून उरलेले तेल मी दुसऱ्या दिवशी भाजीला वापरते; ते टाकून देणे परवडत नाही. त्याने आतड्याला अपाय होतो का?


लाकडी घाणा

कागलजवळ आमचा घाणा आहे. आजोबांच्या काळी बैल होते, आता विजेची मोटर आहे, पण लाट लाकडाचीच. मी तेल विकतो, म्हणून माझ्या बोलण्यात स्वार्थ शोधला जाईल हे जाणून जे खरे आहे तेवढेच लिहितो.

शेंगतेलात साधारण निम्मे ओलेइक आम्ल, तीस टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल आणि पाचवा हिस्सा संपृक्त मेद असतो. ओमेगा-३, म्हणजे माशांत आणि जवसात असते ते मेदाम्ल, त्यात जवळजवळ नाही. सूर्यफूल, करडई आणि कारळे यांत लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६, फार जास्त असते; करडईत तर सुमारे तीन चतुर्थांश. सोयाबीन तेलात निम्मे ओमेगा-६ आणि सुमारे ७ टक्के ओमेगा-३ असते. जवसात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ आहे, पण ते तळणाचे तेल नव्हे. खोबरेल तेल सुमारे ९० टक्के संपृक्त असते आणि पामतेल जवळपास निम्मे. घाण्यावर काढले किंवा कारखान्यात शुद्ध केले म्हणून हे मूळ प्रमाण बदलत नाही. घाण्याच्या तेलात वास, रंग आणि काही जीवनसत्त्व ई टिकते, हा त्याचा खरा गुण. मात्र शेंगा ओलसर राहून बुरशी लागलेली असेल तर अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात उतरते, आणि शुद्धीकरणात ते बऱ्याच अंशी निघून जाते. म्हणून घाण्याचे तेल घेताना शेंगदाणे डोळ्यांनी पाहून घ्यावेत. काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून काढले जातात की नाही हे विचारावे. असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला कधीच राग येत नाही.

खानावळवाल्या ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. वारंवार तापवलेल्या तेलात ऑक्सिडीकरणाने नवी द्रव्ये तयार होतात. ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ च्या जुलैपासून लागू आहे. खानावळीत मापक नसेल तर तेल काळपट होणे, दाट होणे, फेस न बसणे आणि लवकर धूर येणे ही लक्षणे पाहावीत. कढई लहान ठेवावी, तेल बेताचे घ्यावे, म्हणजे उरतच नाही. उरलेच तर गाळून एकदा फोडणीला वापरून संपवावे आणि जुन्या तेलात नवे तेल मिसळण्याची सवय मात्र सोडावी.


सूक्ष्मदर्शी

घाणेवाल्यांनी सांगितले त्याला आधार आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील गटाने २०१९ साली हॉटेलच्या कढईतून आणलेले वापरलेले तेल उंदरांना दिले, तेव्हा ज्यांना आधीपासून कोलायटिस होता त्यांचा दाह ताज्या तेलाच्या तुलनेत वाढला आणि आतड्याच्या भिंतीतून जिवाणूंचे अंश अधिक झिरपले.

ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. पेशींच्या आवरणातील ओमेगा-६ पासून ॲराकिडोनिक आम्ल आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राइन ही दाह पेटवणारी द्रव्ये बनतात. माशांतील ओमेगा-३ पासून दाह शमवणारी रिझॉल्विन्स बनतात. त्यांचा शोध हार्वर्डमधील चार्ल्स सर्हान यांनी लावला. म्हणजे आपण वर्षानुवर्षे जे तेल खातो त्याचीच पेशींची आवरणे बनतात, आणि प्रतिकारपेशी गरज पडताच त्याच साठ्यातून आपले निरोप घडवतात. युरोपातील दोन लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत ज्यांच्या आहारात लिनोलेइक आम्ल सर्वाधिक होते त्यांच्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट आढळला. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्यात प्रत्यक्ष आजार झालेले लोक १२६च होते, हे विसरू नये. अमेरिकेतील सुमारे १ लाख ७० हजार परिचारिकांच्या पाहणीत दीर्घकाळ ओमेगा-३ अधिक घेणाऱ्यांत हा आजार कमी आणि ट्रान्स मेद (वनस्पती तुपासारख्या कृत्रिमरीत्या घट्ट केलेल्या तेलात असतो तो) अधिक घेणाऱ्यांत जास्त, असा कल दिसला.

तरीही माशाच्या तेलाच्या गोळ्यांवर विसंबू नका. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्याच दुसऱ्या आजारात रोज ४ ग्रॅम ओमेगा-३ देऊन आजार उलटणे रोखता येते का, हे दोन मोठ्या चाचण्यांत तपासले गेले आणि २००८ साली प्रसिद्ध झालेले उत्तर नकारार्थी होते. आजार होण्याआधीची वर्षानुवर्षांची थाळी आणि आजार जडल्यानंतरची गोळी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रत्नागिरी-मालवणहून आपल्याकडे येणारे बांगडे आणि तारली हे ओमेगा-३ चे उत्तम आणि त्या मानाने स्वस्त साधन आहे. सुरमईच्या मागे धावण्याची गरज नाही. जवसातील ओमेगा-३ चे माशातल्या प्रकारात रूपांतर शरीरात फार थोडे होते, पण शाकाहारी घराला तेवढाही आधार उपयोगाचा आहे.

ट्रान्स मेदाबाबत एक समाधानाची गोष्ट. आपल्या देशात तेलातुपातील औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली आहे. खारी, टोस्ट आणि स्वस्त केक यांत पूर्वी वनस्पती तुपातून जे पोटात जात होते ते त्यामुळे बरेच घटायला हवे.


जुनी शाहूपुरी

मी दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी पित्ताशय काढल्यानंतर मला जुलाब होऊ लागले आणि भीतीने मी तेल-तूप पूर्ण सोडले. वर्षभर उकडलेल्या भाज्या आणि कोरडी भाकरी एवढेच खाल्ले. जुलाब थोडे कमी झाले, पण वजन ११ किलोने उतरले, त्वचा कोरडी पडली आणि रक्ततपासणीत जीवनसत्त्व अ आणि ड दोन्ही कमी निघाले. नव्या डॉक्टरांनी समजावले की पित्ताशय नसले की पित्त साठत नाही, सतत थेंबथेंब आतड्यात उतरत राहते आणि काही जणांत मोठ्या आतड्याला तेच टोचते. त्यांनी पित्ताम्ले बांधून ठेवणारे औषध दिले आणि मेद थोडा थोडा, तीन-चार वेळांत विभागून घ्यायला सांगितले. आज माझी प्रकृती उत्तम आहे. तेल सोडणे हा उपाय नव्हता, हे इतरांना कळावे म्हणून लिहिले.


पन्हाळवाट

आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार, कारण मूळ लेखात ही बाजू माझ्याकडून राहून गेली होती. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदाशिवाय नीट शोषली जात नाहीत, आणि त्यांपैकी जीवनसत्त्व अ हे आतड्याच्या प्रतिकारशक्तीचे जणू पत्ता लिहिणारे हात आहेत. आतड्यातील पहारेकरी पेशी त्यापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात आणि लसिकापेशींवर अशी खूण उमटवतात की रक्तातून फिरून त्या पुन्हा आतड्याकडेच परततात. आयजीए बनवणाऱ्या पेशींनाही तीच खूण लागते. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी घालणाऱ्या आपल्या आज्यांना रेटिनॉइक आम्ल ठाऊक नव्हते, पण गाजरातील कॅरोटीन अंगी लागण्यासाठी ती चमचाभर फोडणी नेमकी हवी असते.

प्रमाणाचे विचाराल तर बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम दृश्य मेद, म्हणजे वरून वापरलेले तेल-तूप, ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. चौघांच्या घरात महिन्याला पावणेतीन ते तीन किलो तेल पुरायला हवे. मी माझ्याच घरातील हिशेब काढला तेव्हा तो साडेपाच किलो निघाला, आणि त्यात बाहेरची मिसळ व भडंग धरलेले नव्हते.

भाच्याविषयी काहींनी व्यक्तिगत निरोपातून विचारले, म्हणून सांगते. आजार उसळलेला असताना डॉक्टरांनी चोथा आणि तळण दोन्ही कमी ठेवायला सांगितले होते. मऊ भात, सालीशिवायची मुगाची डाळ, दुधीची भाजी आणि अर्धा चमचा तूप असे जेवण दोन महिने चालले. अशा वेळी उसळी आणि भाकऱ्यांचा आग्रह धरणे घातक ठरू शकते, म्हणून वर लिहिलेले कोणीही सरसकट लागू करू नये. जानेवारीपासून आजार शांत आहे. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आम्ही दर आठवड्याला एक पदार्थ परत आणतो : आधी नाचणीची आंबील, मग शिजवलेले गाजर, मग मटकीचे कढण. तेल शेंगेचेच ठेवले आहे, पण मोजून. आठवड्यातून दोनदा बांगड्याचे कालवण होते. तांबडा रस्सा त्याला फार प्रिय होता. गेल्या रविवारी बहिणीने रस्सा थंड करून वर गोठलेली चरबी चमच्याने काढली, पुन्हा गरम करून त्याला वाटीभर वाढला आणि रात्री काही त्रास झाला नाही.


मंगळवारपेठ

रस्सा थंड करून चरबी काढण्याची युक्ती मी उद्यापासूनच करते. सकाळचा रस्सा आदल्या रात्री शिजवून ठेवता येईल. तळणाचे तेलही आता लहान कढईत घेईन. डब्यात रोज जवसाची किंवा कारळ्याची चटणी देण्याचा विचार आहे. ओमेगा-३ साठी यांपैकी कोणती बरी, आणि दळून किती दिवस ठेवता येईल?


लाकडी घाणा

ओमेगा-३ साठी जवसच. कारळ्याचे तेल जवळजवळ सगळे ओमेगा-६ चे आहे, चव मात्र त्याची न्यारी. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडते, म्हणून दळायला हवे, पण दळल्यावर त्यातील तेल हवेने लवकर खवट होते. मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, रंग बदलू देऊ नका. चाळीस डब्यांना एक-एक चमचा धरला तर पाव किलोची चटणी दिवसभरात संपेल, तेव्हा साठवण्याचा प्रश्नच येणार नाही. उरली तर घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवा, आणि तैलरंगासारखा उग्र वास आला की टाकून द्या.